मुक्या स्क्रीन

ऑफिसात सगळे तिला ताई म्हणत, वयाने मोठा असलेला साहेबसुद्धा. कंपनी भरतकामाची कॉम्प्युटरवर चालणारी मशीन बनवायची. बटण दाबल्यावर मशीनमध्ये जे सॉफ्टवेअर सगळ्यात आधी जागं होतं, त्याला बूटलोडर म्हणतात. ते ताईच्या ताब्यात होतं. स्क्रीन उजळायची तीही त्याच्याच जोरावर. हे काम नीट झालं तर कुणाच्या लक्षातही येत नाही, आणि ताईला तेच बरं वाटायचं. "माझं नाव कुणाच्या तोंडी आलं की समजायचं, काहीतरी बिघडलंय," असं ती म्हणायची.

तिची धाकटी बहीण याच कंपनीच्या एका जुन्या मशीनवर पोट भरत होती. नवरा गेल्यावर ताईनेच ते तिला मिळवून दिलं होतं. घराच्या पुढच्या खोलीत ते मांडून धाकटी शाळांच्या गणवेशांवर नावं आणि चिन्हं भरून द्यायची.

पुढे कंपनीने नवी मॉडेलं काढली आणि स्क्रीनचा ड्रायव्हर, म्हणजे स्क्रीनशी बोलणारा भाग, ताईने नव्याने लिहायला घेतला. नव्या स्क्रीन बोलक्या होत्या. तू कोण, असं विचारलं की आपली सगळी माहिती सांगून मोकळ्या. जुन्या ठार मुक्या. त्यांची मापं आधीच ठाऊक असावी लागत. म्हणून ताईने त्यांच्यापुरत्या काही ओळी वेगळ्या लिहिल्या: उत्तर आलं नाही तर जरा वाट बघायची, मग जुनी स्क्रीन आहे असं धरून ती उजळायची.

पण नव्या मॉडेलांतल्या सगळ्यात स्वस्त मॉडेलला स्क्रीनच नव्हती. ते मोबाइलवरून चालायचं. तिथे उत्तर कोण देणार? मशीन सुरू होताना उगाच ताटकळायचं.

"ताई, तेवढं काढून टाका," साहेब म्हणाला.

"मग जुन्या मशीनचं काय?"

"त्यांना हे अपडेट जाणारच नाही."

"नक्की?"

"मी सांगतोय ना."

ताई घुटमळली. मशीनच्या मॉडेलवरून ओळख पटवायची सोय करता येईल, थोडा वेळ द्या, असं तिने सांगून पाहिलं. वेळ नव्हता. शेवटी स्वतः लिहिलेल्या ओळी तिने स्वतःच खोडल्या.

अपडेट पाठवणारा विभाग वेगळा होता. साहेब त्यांना सांगायला विसरला की त्यांनी ऐकलं नाही, हे कधीच कळलं नाही. अपडेट सरसकट सगळ्यांना गेलं.

सकाळी धाकटीचा फोन आला.

"ताई, मशीन आंधळं झालंय गं. पंखा फिरतोय, दिवा लागलाय, सुईसुद्धा जागेवर येते. स्क्रीन तेवढी काळीकुट्ट. मी पुसूनही पाहिली. माझं काही चुकलं का?"

"तुझं काही चुकलं नाही," ताई म्हणाली.

त्याच संध्याकाळी ती लॅपटॉप आणि केबल घेऊन बहिणीकडे गेली. मशीनचा कंट्रोल बॉक्स उघडला, खोडलेल्या ओळी परत घातलेलं सॉफ्टवेअर त्यात भरलं. स्क्रीन उजळली. धाकटीने पदराने डोळे टिपले आणि लगेच गणवेशांचा गठ्ठा सोडायला घेतला.

अशीच जुनी मशीन असलेल्या शेजारपाजारच्या बायकांत ही गोष्ट पसरायला वेळ लागला नाही. धाकटीचं मशीन चालू, आपलं बंद, असं कसं? एकीचा बॉक्स आला, मग दुसरीचा. ताईने तेही जिवंत करून दिले. ऑफिसात तिने साहेबाला सांगितलं, "माणसं पाठवा. स्क्रीन दिसल्याशिवाय नवं अपडेट घेता येत नाही, पण केबलने सगळी मशीन दुरुस्त होतील."

साहेबाने वर विचारलं. वरून उत्तर आलं की जुनी मॉडेलं आता बंद समजावीत, ग्राहकांना नवं घ्यायला सांगावं. ताईने परस्पर केलेल्या दुरुस्त्याही वर कळल्या होत्या, म्हणून सोबत आणखी एक हुकूम आला. मशीन कंपनीची मोहोर, म्हणजे डिजिटल सही, उमटवलेलंच सॉफ्टवेअर स्वीकारायचं, आणि प्रत्येक मशीनला मोहोर वेगळी लागायची. ती उमटवायचा आजवर ताईकडे असलेला अधिकार या हुकमाने काढून घेण्यात आला.

"मी तुमच्यासाठी भांडलो, ताई," साहेब खाली बघत म्हणाला. "नोकरी तरी वाचली."



पुढच्या सुट्टीच्या दिवशी ती धाकटीकडे गेली, तर दाराशी एक बाई बसलेली. मांडीवर जुन्या चादरीत गुंडाळलेला कंट्रोल बॉक्स, अंगावरच्या तान्ह्याला धरावं तसा धरलेला. दोन बस बदलून आली होती.

"तुम्हीच ना त्या? यांच्या बहीण?"

"हो. पण आता माझ्याने होणार नाही."

"यांचं केलंत की."

"तेव्हा होत होतं. आता माझ्या हातात काही राहिलं नाही."

"आतून चालू आहे हो. आवाज येतो. नुसतं दिसत नाही," बाई समजावणीच्या सुरात म्हणाली. ताईला हे ठाऊक नसावं असंच तिला वाटलं.

"हो, चालू आहे," ताई म्हणाली.

धाकटीने पाणी आणून दिलं. बाई ते प्यायली आणि तिने तांब्या खाली ठेवला. मग चादरीची गाठ पुन्हा आवळत तिने विचारलं, "मग भंगारात घालू का?"

ताईने धाकटीकडे पाहिलं. धाकटी पाठ करून मशीनपाशी उभी होती. स्क्रीन उजळलेली होती, पण तिने सुई चालवली नव्हती.

"घाला," ताई म्हणाली.

त्यानंतर मशीनसाठी कोणाचे फोन आले तर ताई उचलेनाशी झाली. ऑफिसात ती जातेच. नवी मॉडेलं झटकन सुरू होतात, आणि साहेबाने भर बैठकीत तिचं नाव घेऊन कौतुक केलं तेव्हा ती मान खाली घालून बसून राहिली.