साळवीवहिनींची हाक

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. पापनिवेदनाला गुडघे टेकले तेव्हाही नाही — फादरांना रागाचं सांगितलं, आळसाचं सांगितलं, हे तेवढं ठेवून दिलं. तुम्हाला का सांगतोय? माहीत नाही.

आम्ही नेरुळला राहतो, तिसऱ्या मजल्यावर. समोरच्या दारात साळवी नवरा-बायको. साळवींची एक बाजू लुळी पडलेली. ते खुर्चीतून घसरले की वहिनी मला हाक मारायच्या, मी जाऊन उचलून बसवायचो. सोसायटीत कौतुक व्हायचं. मला ते आवडायचं — खोटं कशाला बोलू?

त्या शनिवारी दुपारी मी घरात एकटाच होतो. दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये मुलांना दयाळू शोमरोन्याचा दाखला शिकवायचा होता, त्याचं टिपण काढत होतो. येशूने सांगितलेली गोष्ट — वाटेत जखमी पडलेल्या माणसाला बघून याजक, म्हणजे मंदिरातला पुरोहित, बाजूने निघून जातो, आणि परका शोमरोनी थांबून त्याला उचलतो. ‘माझा शेजारी कोण?’ एवढं लिहिलं, आणि बेल वाजली.

“पीटरभाऊ, आहात का? यांना बघा ना जरा.”

मी उठलो — आणि पंखा बंद केला. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. परत बेल. परत हाक, आता चिरकी. मग त्यांच्या चपला जिन्यावरून धावत खाली गेल्या. मला कंटाळा आला होता. एवढंच. आणि मी — मी पुढची ओळ लिहिली.

वॉचमनला घेऊन त्या वर आल्या तोवर सगळं संपलं होतं. साळवी घसरले नव्हते. घास अडकला होता घशात. माझ्या टेबलापासून दहा पावलांवर एक माणूस घुसमटून मेला, आणि मी अक्षर नीट काढत होतो.

संध्याकाळी त्यांच्या दारात गेलो. कुणी विचारायच्या आधीच म्हणालो, “मी चर्चमध्ये होतो, वहिनी.”

त्यांनी माझा हात धरला. “माहीत आहे हो. तुम्ही असता तर धावत आला असता.”

रविवारी वर्गात एका मुलीने विचारलं, तो याजक का थांबला नाही? मी म्हणालो, घाईत असेल. तिने ते वहीत लिहून घेतलं.

याला सहा वर्षं झाली. गेल्या महिन्यात वहिनी कायमच्या मुलीकडे रत्नागिरीला गेल्या. जाताना घराची चावी माझ्यापुढे धरून मुलीला म्हणाल्या, “असा शेजारी मिळायला नशीब लागतं.”

मी चावी घेतली.