मेणात उरलेला तुकडा

अकोल्यात मी ज्या पॅथॉलॉजी विभागात शिकत होते, तिथे दिवसभर कोणाशी न बोलता राहता येत असे. मला ते सोयीचं होतं. माझा प्रबंध जठराच्या कर्करोगातल्या रक्तवाहिन्यांवर होता. गाठ वाढताना स्वतःसाठी नव्या वाहिन्या उभ्या करते. एका खास रंगाने त्या तपकिरी दिसतात. आधी कमी भिंगातून त्यांची दाट जागा शोधायची, मग मोठ्या भिंगाखाली एकेक मोजायची. नीट नळीसारख्या त्या नसतातच. कुठे दोनच पेशी एकमेकींना टेकलेल्या, कुठे नुसती वाकडी फट. मायक्रोस्कोपला डोळे लावले की शेजारच्या टेबलावरचं हसणंही दूर जायचं. अमरावतीहून आई फोन करायची, "कोणी मैत्रीण झाली का?" मी म्हणायचे, हो.

एका रुग्णाची केस पुन्हा रंगवायची होती, कारण रंगवताना तिचा पातळ काप काचेवरून सुटून पाण्यात गेला होता. बायोप्सीचा तुकडा मुळात तिळाएवढा, आणि मेणाच्या ब्लॉकमध्ये आता त्याचा जेमतेम पापुद्रा उरलेला.

"एक काप निघेल अजून," सर म्हणाले. "काढून घे, नाहीतर प्रबंधातून केस गेली."

कापण्याआधी ब्लॉक थंड करायला मी बर्फावर ठेवला, तेवढ्यात दाराशी माझ्याच वयाची एक मुलगी आली. हातात चिठ्ठी, खांद्याला भली मोठी थैली.

"मॅडम, बाबांचा तुकडा इथं भेटते म्हने. नागपूरच्या डॉक्टरनं मांगतला. त्याच्यावर तपासणी करून कोनतं औषध चालते ते सांगतीन."

चिठ्ठीवरचा नंबर बर्फावरच्या ब्लॉकचाच होता. मी एक काप आधी काढून घेतला असता तर तिला कळलंही नसतं. उरलेलं नागपूरला पुरलं असतं, किंवा नसतं. मी ब्लॉक पुसला आणि तिच्या हातात दिला.

"एवढासाच? मी तं थैली आनली."

"एवढाच आहे. त्यातही बरंचसं मेणच."

"तुमी कुठच्या?"

"अमरावतीची."

"मंग असं पुस्तकातलं काहून बोलता?"

घरी आम्ही असंच बोलायचो, शाळेत इंग्रजी. वऱ्हाडी मला सगळी समजते, तोंडात येत नाही.

"तुमी पाह्यलं ना हे दुर्बिनीतून? काय दिसते?"

"रक्तवाहिन्या. खूप आहेत."

तिचा चेहरा खुलला. "मंग रक्त भरपूर हाय म्हना. बाबाले रक्त कमी हाय, रक्त कमी हाय, म्हनून राहिले सारे."

"ते रक्त गाठ स्वतःकडे ओढून घेते," मी म्हणाले. "बाबांना नाही मिळत."

ती ब्लॉककडे बघत राहिली. आणखी काही बोलायला हवं होतं. मी म्हणाले, "मेण उन्हात मऊ पडतं. गाडीत खिडकीपाशी ठेवू नका."

"सोबत कांदा ठेवू काय? आमी तं उन्हात निघालो का खिशात कांदा ठेवतो."

मी हसले. बरंच मोठ्याने हसले असणार, कारण मागे रिपोर्ट टाइप करणारी ज्युनियर वळून बघू लागली. माझ्या जेवणाच्या डब्यात थोडा बर्फ घालून, ब्लॉक पिशवीत गुंडाळून त्यात ठेवला आणि डबा तिला दिला, पोचल्यावर कळवा म्हणून माझा फोन नंबरही दिला.

सरांनी संध्याकाळी एवढंच विचारलं, "गेली ना केस? दुसरी शोध आता."

काही दिवसांनी तिचा मेसेज आला. तुकडा पुरला म्हने. औषध चालू करून राहिले.

बाबा कसे आहेत, जेवतात का, असं मी दोनदा लिहिलं आणि पुसलं. शेवटी 'बरं झालं' एवढंच पाठवलं. तिच्याकडून जोडलेले हात आले. एरवी काम करताना मी फोन पालथा ठेवते. त्या दुपारी सरळच ठेवला.