मिलिंदचा गोल चाळीस सेकंद उशिरा

चार जण एका क्लबच्या नादी लागले की किस्से न मागता साठतात. आमचे तर बहुतेक घाबरल्याचेच आहेत. प्रज्ञा नेदरलँड्समध्ये ग्रोनिंगनला रिसर्चसाठी येण्याआधी जर्मनीत शिकली, तिथल्या क्लबचं वेड तिनेच आम्हाला लावलं. लॉकडाऊनमध्ये मॅच असली की आम्ही व्हिडिओ कॉलवर: ती, ब्रेडाला एकटा राहणारा मिलिंद, आणि अ‍ॅमस्टेलव्हीनहून मी आणि माझी बायको सुजाता.

*

मिलिंदचं इंटरनेट रडकं. आम्हाला दिसलेला गोल त्याला चाळीस सेकंदांनी दिसायचा. एकदा मी आधीच ओरडलो, तर पठ्ठ्या दोन दिवस बोलला नाही. तेव्हापासून नियम झाला: मिलिंद ओरडेपर्यंत सगळ्यांनी तोंड दाबून बसायचं. सुजाता उशी चावायची.

*

स्टेडियम रिकामं, त्यामुळे कोचचा शब्दन्‌शब्द ऐकू यायचा. पहिल्याच मॅचला सुजाता किचनमधून लाटणं घेऊन धावत आली. "कोण शिरलं घरात?"

"कोच आहे गं."

"मग एवढा का खेकसतोय मेला?"

*

युरोपभरच्या क्लबांच्या स्पर्धेतल्या मॅचला आम्ही दोन गोलने मागे होतो आणि मला चहाचा ठसका लागला. कॉलवर सगळे मॅच सोडून माझ्याकडेच बघायला लागले. प्रज्ञा म्हणाली, "हिंगाची डबी आण. हुंग." तेव्हा आमची कोरोनाची टेस्ट हीच होती.

"येतोय वास?"

"येतोय गं बाई, डोळ्यात पाणी आलं."

क्लब युरोपातून बाहेर पडला आणि आम्ही चक्क हसत होतो.

*

पुढच्या शनिवारी मिलिंदने स्वतःच डबी उघडून नाकाला लावली. पुन्हा लावली. मग म्हणाला, "हिंग जुना असेल."

कुणी हसलं नाही. डॉक्टरने त्याला फोनवर सांगितलं, पॅरासिटामॉल घ्या, घरीच थांबा.

*

सीझनची शेवटची मॅच, शनिवारी दुपारी. जिंकलो तर पुढच्या वर्षी पुन्हा युरोप. मिलिंद पलंगावर, कॅमेरा बंद. सत्तराव्या मिनिटाला आपला गोल झाला. आम्ही तोंड दाबून बसलो. चाळीस सेकंद. एक मिनिट. दोन मिनिटं.

"मिल्या, ओरड की," मी म्हणालो.

बऱ्याच वेळाने आवाज आला. "बघितला रे. ओरडायला श्वास पुरत नाहीये."

प्रज्ञाने दुसऱ्या फोनवरून अ‍ॅम्ब्युलन्स बोलावली. ती येईपर्यंत मी नुसता त्याला हाका मारत राहिलो. शेवटी बेल वाजली. तो धापा टाकत दारापर्यंत गेल्याचं ऐकू आलं, मग डच बोलणारी माणसं आत आली. फोन त्याच्या हातातच होता.

"प्रज्ञा, जिंकलो का?"

आमच्या स्क्रीनवर मॅच संपली होती. समोरच्यांनी नंतर दोन गोल मारून आपल्याला हरवलं होतं.

प्रज्ञा म्हणाली, "जिंकलो. पुढच्या वर्षी आपण युरोपात."