राखेची पायरी

समोरच्या शीलावहिनींच्या दारात मागच्या महिन्यात नवी पायरी बांधली. गवंडी सिमेंट कालवत होता, आणि त्यांची इंजिनिअर झालेली लेक मेधा त्यात भातगिरणीतून आणलेली राख मिसळत होती. भाताचा तूस गिरणीच्या भट्टीत जळून उरलेली, बारीक दळलेली राख.

"तेवढं सिमेंट कमी लागतं, आई."

वहिनी धास्तावल्या. "अगं, दारात राख कसली घालतेस? पायरी टिकायची का?"

मला त्यांची धास्ती कळली. आपल्या बोलण्यात राख म्हणजे शेवटच. सगळं गेलं की आपण म्हणतो, राखरांगोळी झाली. पण दाण्याला पिकेपर्यंत कुशीत जपणारा तूस जळून गेल्यावरही घर पेलायला तयार असेल, तर शेवट नक्की कुठे धरायचा?

मायलेकींनी रोज पायरीवर पाणी मारलं. आज सकाळी वहिनींनी तिच्यावर टाच जोरात आपटून पाहिली. मग तिथेच बसून ठिपके काढायला घेतले.

मी कुंपणावरून विचारलं, "काय वहिनी, टिकली का पायरी?"

हातातली रेघ न मोडता त्या हसल्या.

"बघा की भावोजी. खाली राख, वर रांगोळी!"