होटगीच्या बागेत टोकाय

"तोडायचं म्हणजे तोडायचं. दोन ओळी काय आन् वीस काय."

"अप्पा, बाकी सगळी बाग तोडा की. ह्या दोन ओळी महिनाभर वेलीवर राहू द्या, एवढंच म्हणते मी."

"सुरकुतून जातील."

"सुरकुतायलाच ठेवायच्यात."

"आन् मग त्यांची दारू करायची. लिंगायताच्या बागेतल्या द्राक्षाची."

होटगीजवळच्या बागेतल्या पत्र्याच्या शेडमध्ये सकाळपासून हे चाललं होतं. महादेवप्पा बाजेवर बसलेले, त्यांची लेक चंद्रिका दारात उभी, आणि दोघांच्या मधे चहाचा कप धरून तोडणीच्या टोळीचा मुकादम शरणबसव. टोळीतल्या बायका कात्र्या घेऊन बाहेर सावलीत थांबल्या होत्या. शरणबसवला फक्त एवढंच कळायला हवं होतं की शेवटच्या दोन ओळी तोडणीत धरायच्या की वेलीवर सोडायच्या.

चंद्रिका सत्तावीस वर्षांची. दहाव्या वर्षापासून तिच्या हातात बारीक कात्री आहे. घडात एक मणी जरी काळा पडला तरी तो आधी काढून टाकायचा, नाहीतर अख्खा घड नासतो, हे तिला अव्वानं, म्हणजे आईनं, काशम्मांनी, हाताला धरून शिकवलं. घरची चार एकर माणिक चमन जातीची द्राक्षं. त्यांचा बेदाणा करायचा, याखेरीज महादेवप्पांनी तीस वर्षं दुसरं काही केलं नाही. शेतीची पदवी घेऊन चंद्रिका शिष्यवृत्तीवर दोन वर्षं हंगेरीला गेली, तेव्हा भावकीत सांगितलं गेलं की पोरगी फळबागांचं शिकायला गेलीय. ते खोटं नव्हतं. वाइनचं नाव तेवढं कुणी काढलं नव्हतं.

तिथल्या टोकाय भागात ती इलोना नेनींच्या मळ्यावर तोडणीला गेली. नेनी म्हणजे मावशी. ऑक्टोबर होता. पहाटे नद्यांवरचं धुकं मळ्यात शिरायचं, दुपारी लख्ख ऊन पडायचं, आणि मण्यांवर करडी बुरशी चढून ते आक्रसायचे. चंद्रिकाला ते दिसलं आणि हात आपसूक चालू लागले. एकेक बुरसलेला मणी कापला की टाक खाली. दुपारपर्यंत तिची पेटी अख्ख्या मळ्यात सगळ्यात स्वच्छ होती. ती तिनं ऐटीत नेनींपुढं नेऊन ठेवली.

नेनींनी पेटी बघितली. मग ओळीखालची माती बघितली. सत्तरीच्या त्या बाईनं गुडघे टेकले आणि पडलेला एकेक मणी उचलून ओच्यात घ्यायला सुरुवात केली.

हवे होते ते तेच मणी. तिकडं त्यांना ओसू म्हणतात. दिवसभर राबलं तर एका माणसाच्या हाताला आठ-दहा किलो लागतात. ते नव्या वाइनमध्ये भिजत घालायचे, पिळायचे, आणि निघालेली वाइन डोंगरात कोरलेल्या तळघरात लाकडी पिंपांमधून वर्षानुवर्षं मुरवायची. त्या तळघरांच्या भिंतींवरसुद्धा काळी मऊ बुरशी, मखमल पांघरल्यासारखी. जुन्या काळी पिंपात ओसूच्या किती टोपल्या पडल्या, यावरून वाइनचा गोडवा सांगत. चंद्रिका त्या दिवशी अंधार पडेपर्यंत नेनींशेजारी मातीत बसून मणी वेचत राहिली. पुढच्या आठवड्यात तिच्याइतकं भरभर वेचणारं तिथं कुणी उरलं नाही. बोटं तीच होती. टाकायचं काय आणि ठेवायचं काय, ते तेवढं उलटं झालं होतं. दुसऱ्या हंगामात नेनींनी निवडीचं अख्खं टेबल तिच्या ताब्यात दिलं.

हे सगळं तिनं बापाला आत्ता तिसऱ्यांदा सांगितलं. आपल्याकडं धुकं नाही, तेव्हा ती बुरशी येणार नाही, हेही तिनंच कबूल केलं. पण वेलीवर वाळवायचं तर मार्चचं ऊन आपलं आहे आणि वाळवण्यात सोलापूरवाल्यांचा हात कोण धरणार? नाशिककडचा एक परवानेवाला वाइन करणारा माल घ्यायला तयार होता. घरात थेंब येणार नव्हता.

महादेवप्पांना नुकसानीची धास्ती नव्हती. मठात पंगतीला बसताना शेजारचा माणूस काय म्हणेल, ही होती. ते आवाज खाली आणून म्हणाले, "एक सांग. तितं तू पिलीस का?"

"सुम्नीर," शेडच्या कोपऱ्यात चुलीपाशी बसलेल्या काशम्मांनी कन्नडमधून गप्प केलं. नवऱ्याला की लेकीला, ते दोघांनाही कळलं नाही.

वाइन चाखून थुंकायची रीत असते, एवढं सांगून चंद्रिकाला सुटता आलं असतं. शरणबसव कपातल्या चहाकडं बघत होता.

"रोज चाखली आणि रोज थुंकली," ती म्हणाली. "एकदा पिले. डिसेंबरात सेंट जॉनच्या दिवशी तिथली माणसं आपापली वाइन देवळात नेतात, पाद्री तिला आशीर्वाद देतो. त्यातली एक बाटली वर्षभर घरात जपतात. आजाऱ्याला द्यायला, आन् लांब निघालेल्याला. मी परत निघाले त्या सकाळी नेनींनी ती काढली. आपल्यात घर सोडताना अव्वा कपाळाला विभूती लावती की, तसं. मी घोटभर घेतली. पुन्हा दिली तरी नको म्हणायची नाही."

"आन् हे तू बापाला तोंडावर सांगतीस."

"खोटं बोलले असते तर दोन ओळी आत्ताच सुटल्या असत्या. पण त्या मला तशा नकोत, अप्पा. तुमी सोडलेल्या पाहिजेत."

चुलीतलं लाकूड काशम्मांनी उगाच आत सारलं. बाहेर कुणीतरी बाई हसली आणि थांबली. शरणबसवनं कप खाली ठेवला, घसा खाकरला.

"मालक, ऊन चढाया लागलं. त्या दोन ओळी धरू का सोडू?"

महादेवप्पा उठले. टोपी डोक्यावर नीट बसवली, पायात चपला सरकवल्या. चंद्रिका दारातून बाजूला झाली. ते तिच्या अंगावरून, बाहेर उठून उभ्या राहिलेल्या बायकांच्या मधून, शेवटच्या ओळींच्या दिशेनं, कात्री न घेताच, चालत गेले.