वहिनींचा तिसरा तुकडा

वहिनी भाजी निवडताना पुटपुटायच्या. रस्त्यावरच्या पाट्या मोठ्याने वाचून नाक मुरडायच्या. आवडलेला शब्द दिवसभर जिभेवर घोळवायच्या. मला ‘पंडित’ म्हणायच्या, कारण मी साहित्यात पदवी घेतली आणि घरी बसलो.

वहिनी आमच्या शेजारी. दादा, त्यांचे यजमान, भोंग्याच्या गाडीतून दुकानांच्या जाहिराती करतात. आवाज खणखणीत. पण शब्दाच्या सुरुवातीला क किंवा प आला की जीभ अडते. हे आम्हा तिघांनाच ठाऊक. म्हणून मजकूर वहिनी रचायच्या, तोंडी. त्या म्हणायच्या, दादा मागून म्हणायचे.

गादीच्या दुकानासाठी त्यांनी केलं होतं : मऊ गादी, मोकळी मान, मजेत पाठ.

शेवटीही म घ्या, अनुप्रास पूर्ण होईल, असं मी सुचवलं.

“मग लोक म ऐकतील, पंडित. गादी राहील बाजूला. म थांबतो तिथे कान टवकारतात. आणि ह्यांचा प म च्या खांद्यावर बसून जातो, त्यांना कळतही नाही.”

चार वर्षं शिकून हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

परवा काम आलं कपाटांच्या दुकानाचं. वर्षभराचं. मालकाला टेप नको, जिवंत आवाज हवा. पहिल्या फेरीला तो स्वतः गाडीत बसणार. ‘कपाट’च्या सुरुवातीलाच क, पाठोपाठ प. दादांचा चेहरा उतरला. वहिनी म्हणाल्या, “ल वरून नेते तुम्हाला.”

काल सकाळी ओट्याशी दोघांचं चाललं होतं. मी दारात होतो. वहिनींनी ओळीचे दोन तुकडे दिले, दादांनी म्हटले. तिसऱ्यासाठी वहिनींनी श्वास घेतला आणि ओट्याला धरूनच खाली बसल्या.

मेंदूत रक्ताची गाठ अडकली आहे. डोळे उघडे आहेत. वाचा केव्हा येईल, येईल का, डॉक्टर सांगत नाहीत.

मालकाचा दोनदा फोन आला. दादांनी दोन्ही वेळा मला दिला. मी हो म्हणत राहिलो.

इस्पितळाच्या व्हरांड्यात मी तिसऱ्या तुकड्यासाठी ल चे शब्द जुळवून दादांना म्हणायला देतो. ‘कपाट’ शब्दाशी येऊन ते थांबतात. मान खाली घालतात. “तुझं चांगलं आहे रे,” म्हणतात, “पण तिचं नाही.”

मग वहिनींच्या खाटेशी जाऊन हळू आवाजात त्यांचे दोन तुकडे तेवढे म्हणतात : लेकीची लोकर, लेकाचा लेंगा...

गाडी उद्या सकाळी निघायची आहे.