आहेरातलं पाचशेचं कार्ड

पाचशे दिरहमचं गिफ्ट कार्ड मी चारशे साठला घेते, आणि हे सांगायची मला कधीच लाज वाटलेली नाही. चाळीस दिरहम म्हणजे नऊशे रुपयांच्या वर. तेवढ्यासाठी माझ्या आईला काजूच्या कारखान्यात किती दिवस बिया फोडाव्या लागल्या असत्या, ते मला तोंडपाठ आहे. म्हणून मला चाळीस दिरहम दिसतात. ज्यांना दिसत नाहीत, त्यांचं चांगलं चाललंय, एवढंच.

वडील गवंडी. घरातली पहिली पदवीधर मी, आमच्या वाडीतलीही पहिली. बीकॉमचं सर्टिफिकेट हातात पडलं त्याच दिवशी वडिलांनी ते तालुक्याला नेऊन लॅमिनेट करून आणलं. पुढे दुबईच्या नोकरीसाठी अटेस्ट करायला नेलं तेव्हा काउंटरवरचा माणूस म्हणाला, लॅमिनेट केलेलं चालत नाही. डुप्लिकेट काढण्यात चार महिने गेले. वडिलांना हे मी अजून सांगितलेलं नाही. ते लॅमिनेट केलेलं गावी भिंतीवर आहे आणि तिथेच शोभतं.

मी रास अल खोरला बिल्डिंग मटेरियलच्या एका कंपनीत परचेसमध्ये आहे. स्क्रू, खिळे, सिलिकॉनच्या नळ्या. दिवसभर सप्लायरच्या मागे लागून कंपनीसाठी दोन टक्के सोडवते. मग संध्याकाळी स्वतःसाठी आठ टक्के सोडवले तर त्यात हसण्यासारखं काय आहे? तरी ऑफिसमध्ये हसतात. ‘कूपनवाली’ म्हणतात. म्हणोत.

माझी पद्धत सोपी आहे. किराणा गिफ्ट कार्डावर. ही प्लास्टिकची कार्डं ऑफिसच्या सवलतीच्या अॅपवर स्वस्तात मिळतात, कुरियरने घरी येतात. मोठी वस्तू घ्यायची असेल तर कॅशबॅकच्या साइटवरून: आधी ती साइट उघडायची, तिथल्या लिंकवरून दुकानात शिरायचं, दोन-तीन महिन्यांनी थोडे पैसे परत येतात. मध्येच दुसरा टॅब उघडला की नोंद हुकलीच. माझा नवरा शारजाच्या औद्योगिक भागात एका गॅरेजचे अकाउंट्स बघतो. मी लॅपटॉप उघडला की तो पोरीला सांगतो, "यल्ला, चल, श्वास घेऊ नकोस, मम्मीचे अकरा दिरहम अडकलेत." पोरगी सात वर्षांची. ती म्हणते, "मम्मा, इज इलेव्हन अ लॉट?" मी म्हणते, हो.

कार्डं मी खजुराच्या पत्र्याच्या डब्यात ठेवते. वापरून संपलेलं कार्डही लगेच टाकत नाही, कारण वस्तू परत केली तर पैसे त्याच कार्डावर जमा होतात. संपलेल्या कार्डाच्या मागे मार्करने एक फुली मारायची, महिना-दोन महिने ठेवायचं, शेवटचा एकदा बॅलन्स बघायचा आणि मग कात्रीने दोन तुकडे. प्रत्येक कार्डाचा नंबर वहीत लिहिलेला. चार वर्षांत एकही चूक नाही. हे मी जरा मोठ्यानेच सांगत असे.

मग दिवाळी आली. लक्ष्मीपूजनाला आमच्या घरी सोनं म्हणजे माझं मंगळसूत्र आणि पोरीच्या दोन बाळ्या. दरवर्षी पाटावर मी थोडी रोख ठेवते. यंदा रोख कुठे होती? सगळा बाजार कार्डावर. मला सुचलं, आपली लक्ष्मी तर डब्यात आहे. मी डबा पाटावर उपडा केला, कार्डं नीट मांडली, प्रत्येकावर हळदीकुंकवाचं बोट टेकवलं. नवरा म्हणाला, "देवी गोंधळेल. विचारेल, यात बॅलन्स किती?"

दुसऱ्या दिवशी सकाळी कुंकू पुसायला घेतलं. कोरड्या कापडाने निघेना, म्हणून हात पुसायचं सॅनिटायझर घेतलं. कार्डं लख्ख निघाली. इतकी लख्ख, की मलाच समाधान वाटलं. मार्करही त्याने पुसला जातो, हे तेव्हा डोक्यात आलं नाही.

डिसेंबरात आमच्या ऑफिसातल्या अकाउंट्सच्या मॅडमच्या मुलीचं रिसेप्शन होतं. मॅडम पुण्याच्या, दुबईत वीस वर्षं झालेली, बर दुबईला घर. मला इथे इंटरव्ह्यूला बोलावलं ते त्यांनी. पहिल्या महिन्यात इन्व्हॉइस चुकले की माझ्या खुर्चीशेजारी बसून समजावून सांगायच्या, मोठ्याने कधी बोलल्या नाहीत. त्यांच्या घरचा आहेर माझ्यासाठी साधी गोष्ट नव्हती.

आमच्या वाडीत लग्नात आहेर माइकवरून वाचतात. अमक्याकडून शंभर एक, तमक्याकडून दोनशे एक. वडिलांचे एक्कावन्न वाचले जायचे तेव्हा ते मान खाली घालून उभे राहायचे, पण उभे राहायचे. एकदा हाताला काम नव्हतं, तर अकरा घातले होते. तेही वाचले गेले. पाकीट रिकामं कधीच नव्हतं.

मॅडमना मी पाचशेचं कार्ड दिलं. आहेर पाचशे एकचा लागतो आणि कार्ड काही पाचशे एकचं मिळत नाही, म्हणून पाकिटात एक दिरहमचं नाणं चिकटपट्टीने लावलं. एरवी द्यायच्या कार्डाचा बॅलन्स मी आधी बघते. त्या दिवशी वेअरहाऊसमध्ये माल मोजण्यात सात वाजले, घरी येऊन साडी नेसली, डब्यातून फुली नसलेलं एक कार्ड उचललं आणि निघालो.

चार दिवसांनी मॅडमचा मेसेज आला. फोटोत नवा मिक्सर. खाली लिहिलेलं, ‘लेकीने तुमच्या आहेरातून घेतला. खूप आभार.’ मी फोटो आईला पाठवला. म्हटलं, बघ, माझ्या आहेराचा मिक्सर.

जानेवारीच्या शेवटी मी डबा आवरायला घेतला. वहीप्रमाणे त्यात एकच कार्ड उरलं होतं, ऑक्टोबरात संपलेलं. कात्री घेतली, सवयीने बॅलन्स बघितला.

पाचशे.

पहिल्यांदा मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. वाटलं, कुठलीतरी वस्तू परत केली असेल, विसरले. मग कार्डावरचा नंबर वहीशी ताडला आणि कात्री खाली ठेवली. हे ते कार्डच नव्हतं. हे आहेरासाठी ठेवलेलं. ऑक्टोबरातल्या कार्डाचा नंबर साइटवर टाकला. शून्य. म्हणजे पाकिटात मी शून्य घालून दिलं होतं.

"पण मिक्सर घेतला ना त्यांनी?" नवरा म्हणाला. "फोटो आला ना? मग कार्ड चाललं असणार. सिस्टमची चूक. खलास."

"सिस्टम पाचशे दिरहम फुकट देत नाही."

"मग?"

"मग त्यांनी स्वतःच्या खिशातून घेतला. आणि मला फोटो पाठवला."

त्याने माझ्या फोनवर तो फोटो पुन्हा उघडून बघितला. मग म्हणाला, "आता जाऊन सांगितलंस तर त्यांनाच अवघड होईल. त्यांनी झाकलंय, तू झाकलेलं राहू दे. मिक्सरच्या पैशाचं काय, हळूच कधीतरी दुसरं काही देऊ."

बोलणं समंजसपणाचं होतं. पण माझ्या डोळ्यांसमोर मॅडम येत होत्या, माझं नाव घेऊन कुणाशी तरी बोलताना. त्या काय म्हणत असतील? फसवी म्हणत असतील तर सोपं होतं, वही दाखवून सिद्ध करता आलं असतं. मला भीती दुसऱ्याच गोष्टीची वाटत होती, आणि ती खरी आहे का हे विचारल्याशिवाय मला त्यांच्यासमोर बसून काम करता येणार नव्हतं.

शनिवारी दुपारी कार्ड आणि वही पर्समध्ये टाकून मी बर दुबईला गेले. कापडाच्या दुकानांमागची गल्ली, तिसरा मजला. दार मॅडमच्या मुलीनेच उघडलं, माहेरी आली होती. मॅडम आतून म्हणाल्या, "अगं, न सांगता? ये ये. चहा टाकते."

"चहा नंतर. मॅडम, तुमच्या आहेरात मी रिकामं कार्ड दिलं."

त्यांनी मुलीकडे बघितलं. मुलीने छताकडे.

"असू दे गं," मॅडम म्हणाल्या. "मिक्सर आला ना घरात."

"तो तुम्ही घेतला."

"जावयाने. म्हणजे पैसे त्याने भरले, नंतर मी त्याला दिले. दोघं ट्रॉली घेऊन काउंटरला उभे, मागे ही मोठी रांग. काउंटरवरची मुलगी म्हणाली, झीरो बॅलन्स मॅम." मग त्यांना हसू आलं. "तुझं ते एक दिरहमचं नाणं मात्र खरं निघालं."

मीही हसले असते. पण मी विचारलं, "मग मला का नाही सांगितलंत?"

"काय सांगायचं?" त्या कपबश्यांकडे वळल्या. "तुझ्या नवऱ्याच्या गॅरेजमध्ये पगार कापलेत, तूच दिवाळीआधी म्हणाली होतीस. मला वाटलं, ओढाताण असेल. रिकाम्या हाताने यायला लाज वाटली असेल, म्हणून... होतं असं. मी लेकीला सांगितलं, तोंडातून शब्द काढायचा नाही."

भीती हीच होती.

"आणि सेल्समधल्या त्या सरांच्या फेअरवेलची वर्गणी?" मी विचारलं. "जानेवारीत सगळ्यांकडून घेतलीत. माझ्याकडे आला नाहीत. मला वाटलं, विसरलात."

त्या कोरड्याच कपबश्या पुसायला लागल्या. म्हणजे तेही तसंच होतं. एक महिना मी ऑफिसात ताठ मानेने फिरत होते, आणि समोरच्या टेबलावरून एक भली बाई माझी कीव करून मला सांभाळून घेत होती.

माझा आवाज चढला. चढायला नको होता, पण चढला. "मॅडम, ओढाताण असती तर मी पाकिटात पन्नास घातले असते. अकरा घातले असते. आणि तुमच्या हातात देऊन वर पोटभर जेवले असते. आमच्याकडे थोडं देतात. रिकामं देत नाहीत."

मग मुलगी म्हणाली, "मम्मा, आय टोल्ड यू टू जस्ट आस्क हर."

"तू गप्प बस."

मी वही उघडली. दोन्ही नंबर दाखवले, तारखा दाखवल्या. मग लक्ष्मीपूजनाची गोष्ट सांगितली: पाट, कुंकू, सॅनिटायझर. मॅडम आधी मन लावून ऐकत होत्या, अकाउंट्सवाल्या ऐकतात तशा. सॅनिटायझरपाशी त्यांचा चेहरा हलला. "म्हणजे कुंकवाबरोबर फुल्यापण पुसल्यास?" आणि त्या खुर्चीत बसून इतक्या हसल्या की डोळ्यांना पदर लावावा लागला. "अगं बाई, आणि मी इकडे देवाला सांगतेय, त्या पोरीचं भलं कर! महिनाभराची कीव माझी, फुकट गेली."

"परत घ्या ती."

"घेतली."

मी भरलेलं कार्ड टेबलावर ठेवलं. त्या म्हणाल्या, राहू दे, विषय संपला. मी म्हटलं, माझा आहेर अजून पोचलेला नाही, विषय कसा संपेल? दोन वेळा कार्ड माझ्याकडे सरकलं, दोन वेळा त्यांच्याकडे. शेवटी मुलीने ते मधल्यामध्ये उचललं, मोबाइल काढला, मागचा नंबर टाकला आणि स्क्रीन आईपुढे धरली. "फाइव्ह हंड्रेड. थँक यू, आंटी."

मला ते आवडलं. माझ्या देखत बॅलन्स बघितला, यात मला अपमान वाटला नाही. व्यवहारात असंच करतात.

मग चहा झाला. मॅडमनी विचारलं, पाचशेचं कार्ड मला कितीला पडलं. मी म्हटलं, चारशे साठ. "म्हणजे माझ्या लेकीला सवलतीतला आहेर?" "आहेर पाचशेचाच. सवलत माझी," मी म्हटलं. त्यांनी मान डोलावली आणि अॅप कुठून घ्यायचं ते लिहून घेतलं.

घरी आल्यावर नवऱ्याने विचारलं, काय म्हणाल्या? मी सगळं सांगितलं, आवाज चढल्याचंही. तो म्हणाला, "म्हणजे भांडून आलीस." मी म्हटलं, थोडं. आता फुलीऐवजी कार्डाचा कोपरा कापते, तो कशाने पुसला जात नाही.

सोमवारी अकराच्या सुमाराला माझ्यासमोर दोन सप्लायर बसले होते, बाजूला आमचा मॅनेजर उभा होता. मॅडम हातात लिफाफा घेऊन आल्या आणि एरवी बोलत नाहीत इतक्या मोठ्याने म्हणाल्या, "फेअरवेलच्या वर्गणीचे मागचे पन्नास आणि आताचे तीस, ऐंशी दिरहम झाले. उद्या बिद्या नाही, आत्ता."

मॅनेजर चमकून बघायला लागला. एक सप्लायर खाली बघून मोबाइलशी खेळायला लागला. मी पर्स उघडली, ऐंशी दिरहम मोजून त्यांच्या हातावर ठेवले. त्यांनी तिथेच यादीत माझ्यापुढे टिक केली. आताचे तीस कशासाठी, ते मी पैसे दिल्यावर विचारलं.